रेसिडेंट डॉक्टरांची युनियन असते का? की नुसतीच संघटना?

रात्रपाळी_जेआर१

मेडिसिनची जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट (निवासी डॉक्टर) आहे, सरकारी कॉलेज. कॉलेज कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही.

गुरुवारी सकाळी ८ ला इमर्जन्सीला चढले आणि शुक्रवारी रात्री ९ ला हॉस्टेलवर पोचले. मोजून ३७ तास. यात नवल काही नाही, इथल्या अर्ध्या लोकांनी याहून जास्त काढले असतील. पण त्या रात्री एक झालं. पहाटे ४ च्या सुमारास रक्ताची पिशवी आणायला मीच ब्लड बँकेकडे निघाले होते, कारण वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एका पेशंटला सीटीला घेऊन गेले होते. ते लिफ्टपाशी भेटले. म्हणाले, "मॅडम, काल सकाळीपण तुम्हीच होता ना?" हो म्हटलं. "आमची पाळी आठ तासांची. सुटायच्या वेळी पुढचा माणूस आला नाही तर युनियनवाला सुपरिंटेंडंटच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहतो. तुमच्यासाठी कोण राहतं?" मी म्हटलं, आमची पण संघटना आहे की. मामा म्हणाले, "ती संपाला दिसते." आणि ट्रॉली घेऊन आत शिरले.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

माझी मामेबहीण न्यूयॉर्कला रेसिडेन्सी करते. ती सीआयआर नावाच्या युनियनची मेंबर आहे. तिथल्या सरकारी हॉस्पिटलांतल्या इंटर्न-रेसिडेंटांनी १९५७ साली सुरू केलेली. पगारातून वर्गणी कापली जाते, हॉस्पिटलशी लेखी करार आहे, रजा किती, तक्रार कुणाकडे करायची, सगळं त्यात. तिला विचारलं, तुम्ही शेवटचा संप कधी केला? म्हणाली, मी आल्यापासून एकदाही नाही. मला हे उलटंच वाटलं. आमच्याकडे करार नाही, संप मात्र आहेत.

तर विचारायचंय ते असं. आपली संघटना आणि कायद्यातली युनियन यात फरक काय, आणि पडतो का तो? आपण विद्यार्थी की कर्मचारी? केंद्राच्या १९९२ च्या पत्रात आठवड्याला ४८ तास लिहिलेत असं सीनियर सांगतात, ते खरं असेल तर कुठे राबवतात? आणि शेवटचा प्रश्न, जो खरं तर पहिला आहे: हे सगळं बोलायला गेले तर माझ्या थीसिसवर सही कोण करणार?

तीनवर्षंकाढा

तीन वर्षं काढ, डिग्री घे, नीघ. मामांची नोकरी तीस वर्षांची म्हणून त्यांची युनियन. तुझी तीन वर्षांची म्हणून तुझा व्हॉट्सअॅप ग्रुप.

भूलवाली

वरच्याने टोमणा मारलाय, पण नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. मी त्यावरच लिहिणार आहे, लांबेल. जेआर-१, तू आधी झोप. मग वाच.

मी अॅनेस्थेशियाची. आता एका तालुक्याच्या गावी खासगी काम करते. २०१७ साली जेआर-३ होते आणि आमच्या कॉलेजच्या संघटनेची जॉइंट सेक्रेटरी. सेक्रेटरीपद मागून घेतलं नव्हतं. मीटिंगला मी उशिरा पोचले आणि जी गैरहजर असते तिला पद मिळतं, हा नियम सगळीकडे सारखाच.

मार्च २०१७. धुळ्याला ऑर्थोच्या डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले. संप म्हणायचं नाही, हे आम्हाला आधी सांगितलं गेलं. मार्डने, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या राज्य संघटनेने, अधिकृत हाक दिलेलीच नव्हती. प्रत्येकाने वैयक्तिक रजेचा अर्ज द्यायचा, कारण लिहायचं 'असुरक्षित वाटते'. आमच्या कॉलेजात ते अर्ज गोळा करून आवक-जावक विभागात नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. क्लार्क शिक्का मारेना. मी तिथेच बाकावर बसून राहिले, अडीच तास. शेवटी मारला. त्या अडीच तासांत मला युनियन म्हणजे काय ते थोडंफार कळलं. घोषणा द्यायला चारशे जण होते. शिक्का मारून घ्यायला मी एकटी.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने कामावर परत जायला सांगितलं, सरकारने राज्यात ११०० सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं, आम्ही परतलो. आमच्या कॅज्युअल्टीला चार रक्षक आले. पावसाळ्यापर्यंत दोन उरले, त्यातला एक पार्किंगला. हे विचारायला जायचं कुणी? मी परीक्षेला बसले होते. अध्यक्ष पास होऊन सरकारी सेवेच्या बाँडवर गेला होता. नव्या कमिटीला नेमकं किती रक्षक कबूल झाले होते तेच माहीत नव्हतं.

२०२० च्या अखेरीला मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आमच्याच कॉलेजचा जेआर-२. "मॅम, हॉस्टेलच्या नव्या मजल्याबद्दल २०१७ ला डीन ऑफिसने काहीतरी लेखी दिलं होतं असं म्हणतात, तुमच्याकडे आहे का?" होतं. आईच्या कपाटात, तिच्या पासबुकांबरोबर, एका प्लास्टिकच्या पिशवीत. मी आईला फोन केला, आईने शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवला. चारशे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचं दप्तर माझ्या आईच्या कपाटात होतं. समोरच्या बाजूला, म्हणजे ऑफिसात, त्याच पत्राची प्रत फाईलला लावलेली, नंबरसकट. ज्या क्लार्कने शिक्का मारला तो आजही त्याच खुर्चीत आहे. आमच्यानंतर नऊ कमिट्या झाल्या.

मामांच्या युनियनमध्ये आणि आपल्यात मला हा फरक वाटतो. त्यांच्याकडे जुना माणूस असतो. त्याला सगळं पाठ असतं, कुठल्या साली काय ठरलं, कुणी सही केली. तुझ्या बहिणीच्या युनियनला पगारी माणसं आहेत, वकील आहे, ऑफिस आहे. रेसिडेंट येतात आणि जातात, फाईल तिथेच राहते. आपलं दर वर्षी पहिल्या पानापासून सुरू होतं. सरकारला आपल्याशी भांडावंही लागत नाही, नुसतं थांबावं लागतं. आपणच पास होऊन जातो.

आता तुझ्या १९९२ च्या पत्राबद्दल. ५ जून १९९२ चं ते पत्र खरं आहे. कनिष्ठ निवासींनी सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावं, सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, असं त्यात आहे. पण त्याच वाक्याला शेपूट आहे: तास लवचीक राहतील आणि कामाचा बोजा बघून मेडिकल सुपरिंटेंडंट ठरवतील. म्हणजे ४८ लिहून लगेच हातात खोडरबर दिलंय. नंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे पीजी नियम आले. त्यात तासांचा आकडाच नाही, 'वाजवी' असा शब्द आहे. आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवस किरकोळ रजा मात्र आहे. मग २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या मानसिक आरोग्याच्या कृतिदलाने ७४ तासांची मर्यादा सुचवली. एक कागद ४८ म्हणतो, एक 'वाजवी' म्हणतो, एक ७४. आणि तू एका दमात ३७ केलेस. यातला कुठलाही कागद तुझ्या वॉर्डात येऊन तुझे तास मोजणार नाही. ते काम संघटनेचं, आणि त्याला संप लागत नाही, एक दोनशे पानी वही लागते.

वहीचं मी मनापासून सांगतेय. युनिटनिहाय, चढले किती वाजता, उतरले किती वाजता. नावं नकोत, जेआर-१ 'अ', जेआर-१ 'ब' असं चालेल. तीन महिने भरा. आम्ही हे केलं नाही. आम्ही 'अमानवी', 'वेठबिगारी' असे शब्द लिहिले निवेदनात, जोरदार. डीन सर शांतपणे म्हणाले, "सरासरी किती तास होतात?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

मागण्यांचंही तेच. विद्यावेतनाला मी कमी लेखत नाही; फेब्रुवारी २०२४ च्या संपात १० हजारांची वाढ हा मुद्दा होता आणि तो रास्त होता. पण मला जानेवारी २०२३ चा संप जास्त पटला, कारण त्यात वरिष्ठ निवासींच्या १४३२ पदांची मागणी होती. पदं म्हणजे माणसं. पहाटे ४ ला रक्ताची पिशवी आणायला दुसरं कुणीतरी असणं. तुझ्या ३७ तासांतले किती तास डॉक्टरकीचे होते, तेवढं एकदा लिहून काढ. सॅम्पल पोचवणं, एक्स-रेचा फॉर्म, ट्रॉली, नातेवाईकांना काउंटर दाखवणं, हे बाजूला काढ आणि बघ काय उरतं.

थीसिसची सही. भीती खोटी नाही, म्हणून एकटीने काहीही लिहायचं नाही, कधीच नाही. निवडून दिलेला प्रतिनिधी बोलेल, तोही शक्यतो दुसऱ्या डिपार्टमेंटचा: मेडिसिनचं गाऱ्हाणं ऑर्थोवाल्याने मांडायचं, ऑर्थोचं तुम्ही. आणि निवेदनावर सह्या गोलात घ्यायच्या, ताटलीच्या कडेने घेतल्यासारख्या. पहिली सही कुणाची ते कळत नाही. आमच्या एचओडी मॅडमनी तो कागद दोनदा फिरवून पाहिला होता.

कोर्टाचीपायरी

डॉक्टर, मी वकील, कामगार कायद्याचं काम करतो. मुलगी इंटर्न आहे म्हणून या मंचावर डोकावतो. कायद्याचं तेवढं सांगतो.

संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे, तो तुम्हाला आहेच. पण संघटना करण्याच्या हक्कात संपाचा हक्क आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं, आणि सरकारी कर्मचाऱ्यांबाबत २००३ च्या तामिळनाडूच्या प्रकरणात आणखी कडक शब्दांत. त्यावर राज्यात मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपाला बंदी घालता येणारा कायदा आहे. म्हणजे घोषणेत 'आमचा हक्क' म्हणा, निवेदनात लिहिताना जपून.

ट्रेड युनियनची नोंदणी आधी १९२६ च्या कायद्याखाली होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तो कायदा तिच्यात विरला. सात जण अर्ज करू शकतात, पण दहा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी तेवढे कामगार सभासद लागतात. नोंदणीपेक्षा महत्त्वाचं पुढचं आहे: ज्या युनियनकडे हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार आहेत, तिच्याशीच मालकाने वाटाघाट करायची. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखालची संघटना निवेदन देऊ शकते, तिला चहा मिळतो. वाटाघाटीच्या टेबलावर हक्काची खुर्ची मिळत नाही. तुम्ही विचारलेला फरक तो हाच.

मात्र दारातच अडवतील ते 'कामगार' या शब्दावर. हॉस्पिटल हा उद्योग आहे, असं १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींनी ठरवलं होतं. पण उद्योगात काम करणारा प्रत्येक जण कामगार नसतो. १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात शिक्षक कामगार नाहीत असा निकाल आला. तुमच्याबाबतीत समोरचा वकील पहिल्या मिनिटाला उभा राहून म्हणेल, हे तर विद्यार्थी, फी भरतात, परीक्षा देतात.

तुमच्या बहिणीकडेही हेच झालं होतं बरं का. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कामगार मंडळाने १९७६ मध्ये रेसिडेंटांना विद्यार्थी ठरवलं आणि खासगी हॉस्पिटलांतलं कायद्याचं संरक्षण गेलं. ते मत बदलायला १९९९ उजाडलं, बोस्टनच्या एका प्रकरणात. गंमत पुढे आहे. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो करांचा: रेसिडेंटांच्या पगारावर सामाजिक सुरक्षेचा कर लागतो का? पूर्ण वेळ काम करणाऱ्याला विद्यार्थी धरता येणार नाही, हा सरकारचा नियम न्यायालयाने उचलून धरला. कर घ्यायचा तेव्हा कामगार होतात माणसं.

आणि भूलवाली मॅडम, तुमच्या २०१७ च्या त्या रजेच्या अर्जांबद्दल. नव्या संहितेत, एका दिवशी पन्नास टक्के किंवा जास्त कामगार ठरवून किरकोळ रजेवर गेले तर तो संपच धरलाय, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही कायद्याने कामगार ठराल, त्या दिवसापासून ती युक्ती गेली. नोंदणी करताना हा सौदा डोळ्यांसमोर ठेवा. काही मिळतं, काही सोडावं लागतं.

जुना_युनिटहेड

मी ३१ वर्षं शिकवतोय. ज्यांच्या सहीला तुम्ही घाबरता त्यातलाच एक.

दोन गोष्टी. पहिली, तास कमी केले की पाळ्या वाढतात, पाळ्या वाढल्या की निरोप वाढतात, आणि निरोपात पेशंट हरवतात. पोटॅशियम रिपीट करायचंय हे सांगायचं राहून गेलं, असं मी पाहिलंय. तेव्हा मागणी करताना पाळी बदलतानाच्या अर्ध्या तासाचीही करा, लेखी हँडओव्हरची. ती कुणीच करत नाही.

दुसरी. अमेरिकेत रेसिडेंटांना आठवड्याला ८० तासांच्या मर्यादेचा नियम आहे; बहिणीच्या युनियनचं वाचून तो युनियनने आणला असं वाटेल, तसं नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी गेली. तिचे वडील पत्रकार होते, ते हटले नाहीत. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा नियम झाला, देशभर २००३ मध्ये. पेशंटच्या बापाने आणलेला नियम आहे तो. तुमच्या निवेदनात पेशंट कुठल्या परिच्छेदात येतो ते एकदा बघा. माझ्या टेबलावर आलेल्या निवेदनांत तो बहुतेक वेळा येतच नाही.

'आम्ही पण ३६ तास केले' हे मी पूर्वी राउंडला सांगायचो. हल्ली सांगत नाही. आमच्या वेळी आयसीयूत व्हेंटिलेटर दोन होते आणि पेशंट एकतर सकाळपर्यंत सुधारायचा नाहीतर जायचा. आता तो दहा दिवस राहतो आणि दर तासाला काहीतरी करावं लागतं. तास तेवढेच, काम तेवढं राहिलेलं नाही.

भूलवाली

सर, हँडओव्हरचं एकदम मान्य. आमच्या निवेदनात पेशंट शेवटच्या ओळीत होता, 'रुग्णांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी' म्हणून. लाज वाटली आत्ता लिहिताना.

पण नियम बापाने आणला तरी तो पाळला जातोय का हे बघायला बाप रोज वॉर्डात येऊ शकत नाही.

वकीलसाहेब, सौद्याचं कळलं. मला तरी तो परवडण्यासारखा वाटतो. आमच्या त्या रजेतून शेवटी काय उरलं ते वर लिहिलंच आहे, पार्किंगचा एक रक्षक.

रात्रपाळी_जेआर१

आज दुपारी उठून सगळं वाचलं. सरांचं दोनदा. सर, तुम्ही आमच्याच कॉलेजचे नसाल अशी आशा करते, आणि असाल तर मी ती नव्हे.

मॅम, वही आणली. आमच्या युनिटच्या दोघांना सांगितलं, एक तयार आहे, दुसरा म्हणाला थीसिस सबमिट झाल्यावर बघू. सिस्टर इन्चार्जनी विचारलं हे काय चाललंय, मी म्हटलं अभ्यासाचं आहे. त्यांनी पहिलं पान उघडून बघितलं आणि काही न बोलता त्यांच्या ड्रॉवरची जागा दिली. तिथे कुलूप आहे.

एक शंका आहे. रात्री २ ते ४ कॉलरूममध्ये आडवी झाले होते, दोनदा उठवलं. ते दोन तास कामाचे धरायचे का?

कोर्टाचीपायरी

धरा. जर्मनीत कीलच्या एका डॉक्टरांचा हाच खटला होता. युरोपच्या न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की हॉस्पिटलात थांबून दिलेली कॉल ड्यूटी पूर्ण कामाची वेळ आहे, डॉक्टर झोपलेला असला तरी. तो निकाल इथे बंधनकारक नाही, म्हणून त्या तासांसाठी वेगळा रकाना आखा, आणि किती वेळा उठवलं तो आकडा त्याच्या शेजारी.

रात्रपाळी_जेआर१

आखला. पावणेचारचं एकदा आणि चारचं एकदा लिहिलंय. दुसऱ्यांदा मामांनी उठवलं होतं, ते स्वतःच वहीत सही करू का विचारत होते. नको म्हटलं, त्यांची युनियन भांडेल माझ्याशी.